पुसून जाणारी रेघ

भरतकामाचा एखादा सुरेख नमुना हातात आला की आपल्याकडच्या बायका आधी तो उलटा करून बघतात. सुलट बाजूचे कौतुक मागाहून. गाठी किती आहेत, दोरे कुठे लांब ओढले आहेत, एका पाकळीवरून दुसऱ्या पाकळीवर उडी कुठे मारली आहे, हे सारे उलट बाजूला कळते. रुखवतात मांडलेल्या टेबलक्लॉथचे कोपरे असे किती हातांनी उलटून पाहिले असतील याची गणती नाही. टाके पाहिले जातात, रंगांची निवड पाहिली जाते, कापडाचा पोत चाचपला जातो. एक गोष्ट मात्र कोणी पाहत नाही, कारण ती दिसू नये अशीच अपेक्षा असते. ती म्हणजे टाक्यांच्या खालची रेघ.

सुईने पहिला टाका घालण्याआधी ते फूल, तो मोर, ती वेल कोणीतरी कापडावर उतरवलेली असते. या रेघेची नोकरी मोठी चमत्कारिक आहे. काम चालू असेपर्यंत तिने हजर राहायचे, स्पष्ट दिसायचे, वरून हात फिरला, रिंग आवळली, तळव्याचा घाम लागला तरी हलायचे नाही. आणि शेवटचा टाका पडला, की निरोपसमारंभाची आणि पेन्शनची अपेक्षा न ठेवता निघून जायचे. या दोन गुणांची एकमेकांशी भांडणे असतात. जी खूण चांगली टिकते ती सहसा जात नाही, आणि जी सहज जाते ती काम अर्धे असतानाच पाय काढते.

म्हणूनच नक्षी उतरवण्यासाठी काय वापरावे हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. वस्तू फार तर शे-दीडशे रुपयांची. पण तिच्याखाली पैठणीच्या ब्लाउजचे कापड असते आणि वर कोणाच्या तरी दोन-तीन महिन्यांच्या दुपारी असतात. दुकानात गेल्यावर आपण विचारतो, “ठळक कोणते उठते?” माझे म्हणणे इतकेच, की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: “हे जाते कसे?”

माझी स्वतःची उमेदीची वर्षे न पुसणाऱ्या खुणांच्या सहवासात गेली. बँकेत शाईने एकदा केलेली नोंद ही काळ्या दगडावरची रेघ. चुकलेला आकडा खोडायचा तर तो वाचता येईल अशा बेताने एक रेघ ओढायची आणि शेजारी सही करायची. रबर किंवा ब्लेड तिथे वर्ज्य. पुढे धनादेशांच्या प्रतिमा पाठवून वटवण्याची पद्धत आली, तेव्हा २०१० साली रिझर्व्ह बँकेने धनादेशावरची खाडाखोडच बंद केली. नाव किंवा रक्कम चुकली तर नवा धनादेश लिहा. निवडणुकीत बोटाला लागणारी शाई हे याच वंशातले. सिल्व्हर नायट्रेट असलेली ही शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते, आणि नख वाढून पुढे सरकेपर्यंत आपल्याबरोबर राहते.

कापडावरची न जाणारी खूण तर आपल्या घरातच होती. बिब्बा! गावभरचे कपडे परिटाकडे एका ढिगात पडत. कोणता सदरा कोणाचा हे कळावे म्हणून बिब्ब्याच्या रसाने कोपऱ्यात बारीकशी खूण करीत. भट्टीत उकळा, दगडावर आपटा, कापड विरेल पण खूण जाणार नाही. इंग्रजांनी या फळाला नावच दिले ते ‘खुणेची बी’ अशा अर्थाचे. परिटाला तीच खूण हवी होती. भरतकाम करणारीला नेमकी तिच्या उलट हवी असते. पण पुष्कळदा होते असे, की घरात हाताशी जे असते ते सारे बिब्ब्याच्या जातीचे असते, आणि त्यानेच आपण नाजूक मलमलीवर गुलाब काढायला बसतो.

त्यातले पहिले बॉलपेन. घरोघरी सापडते, रेघ बारीक येते, म्हणून मोह होतो. पण बॉलपेनची शाई तेलकट. ती धाग्यात पसरते, साबणाला दाद देत नाही, आणि धुतल्यावर कधी कधी जांभळट छाया होऊन टाक्यांच्या बाहेर डोकावते. दुसरा कार्बन पेपर. १८०६ साली इंग्लंडमध्ये रॅल्फ वेजवुडने याच्या जुन्या अवताराचे पेटंट घेतले, आणि पुढे जगातल्या साऱ्या कचेऱ्या त्यावर चालल्या. आमच्या बँकेत व्हाउचर, सूचनापत्रे, टंकलिखित पत्रे सगळे कार्बनवर निघे. वापरलेले कागद मग कोणाच्या तरी पर्समधून घरी जात आणि उशीच्या अभ्र्यावर हंसांची जोडी उतरवण्याच्या कामी येत. पण कचेरीच्या कार्बनचा धर्मच मुळी टिकण्याचा. त्यात मेण आणि काजळीसारखा रंग असतो. तळहाताचा दाब पडला तरी तो कापडावर उतरतो आणि पांढऱ्या दोऱ्यालाही काळे फासतो. भरतकामाच्या दुकानात पिवळा, निळा, पांढरा असा वेगळा कार्बन मिळतो. त्यातला मेण नसलेला, खडूसारखा जो असतो, तोच धुण्याने जातो. दोन्हींचे नाव एक, दिसायला भाऊ-भाऊ, पण वागणूक अगदी वेगळी.

तिसरी पेन्सिल. तिच्याबद्दल गैरसमज असा, की कागदावरून जाते तशी ती कापडावरूनही जाईल. पेन्सिलीतले ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. त्याचे कण धाग्यांच्या फटींत बसतात आणि रबराने घासले की आणखी आत जातात. तरीही पेन्सिल टाकाऊ नाही. टोक काढलेली, जरा कडक, म्हणजे एच. बी. किंवा त्याहून कडक पेन्सिल घेऊन, हात हलका ठेवून, टाक्याखाली पुरती झाकली जाईल अशी रेघ काढली तर ती उत्तम काम देते. चित्रकलेच्या तासाची मऊ काळी पेन्सिल मात्र नको. तिची भुकटी दोऱ्याला लागते आणि फिकट गुलाबी पाकळ्या चार दिवसांत राखाडी होतात.

‘झाकली जाईल अशी’ हे मी मुद्दाम म्हटले. कारण रेघेला जाण्याच्या वाटा दोन. एक, धुऊन किंवा झटकून नाहीशी होणे. दुसरी, टाक्याखाली कायमची लपणे. साखळी टाका, देठाचा टाका, भरीव टाका हे रेघ पोटात घेतात. त्यांच्याखाली बारीक पेन्सिल चालून जाते. धावदोऱ्यात मात्र दर दोन टाक्यांमध्ये रेघ उघडी पडते. विरळ मच्छीकाट्यातून ती दिसते. आणि पातळ कापडावर उलट्या बाजूने भरून सुलट बाजूला सावली पाडायची असेल, तर लपायला जागाच नाही. तेव्हा साधन निवडण्याआधी टाका ठरवावा. एकच पेन्सिल एका रुमालावर निर्दोष ठरते आणि दुसऱ्यावर गुन्हेगार.

धुऊन जाणाऱ्या रेघेचा सर्वांत जुना आणि सर्वांत शहाणा संसार पाहायचा तर लखनौची चिकनकारी पाहावी. चिकनच्या कुडत्यावर काम सुरू होण्याआधी छपाई करणारा लाकडी ठशांनी कापडावर वेलबुट्टी उठवतो. त्याचा रंग म्हणजे नीळ आणि त्यात थोडा डिंक. डिंकामुळे रेघ कापडाला धरून राहते, पसरत नाही. आणि डिंक पाण्यात विरघळणारा असल्यामुळे धुण्याच्या वेळी निळीला घेऊनच निघून जातो. मग ते कापड लखनौच्या आसपासच्या गावांतल्या बायकांकडे जाते. एकजण एक टाका भरते, जाळीचे काम दुसरी करते. काम बारीक असेल तर कित्येक महिने जातात. घरातल्या धुरामातीतून, मुलाबाळांच्या हातांतून परतलेले कापड दिसायला मळके असते. मग ते धोब्याकडे जाते. निळी रेघ पाण्यात सोडली जाते, पांढऱ्यावर पांढरे उमलते, आणि सगळ्यात शेवटी खळ व इस्त्री होते.

२००८ साली लखनौच्या चिकनला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण या साऱ्या साखळीतले मला भावलेले शहाणपण असे, की पहिला माणूस आपला रंग शेवटच्या माणसाचा विचार करून निवडतो. छापणाऱ्याला धोबी माहीत असतो. पारदर्शक मलमलीवर उलट बाजूने घातलेला बखिया सुलट बाजूला सावलीसारखा दिसतो. तिथे निळीचा एक ठिपका राहिला तरी साऱ्या जणींच्या मेहनतीवर पाणी. आपण घरी एकटेच छापणारे, भरणारे आणि धुणारे असतो, आणि तरीही या तिघांची आपापसांत ओळख करून द्यायला विसरतो.

दुसरी पद्धत टोचलेल्या कागदाची. जरदोजीचे कारागीर त्याला खाका म्हणतात. पातळ पण चिवट कागदावर नक्षी काढायची, रेघेवरून सुईने जवळजवळ भोके पाडायची, कागद कापडावर पक्का ठेवायचा आणि पुडीत बुडवलेला कापडाचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की ठिपक्यांची रेघ खाली हजर. आपल्याला हे नवे वाटू नये. दिवाळीत दारात मिळणारे रांगोळीचे भोकांचे छापे याच तत्त्वावर चालतात. युरोपातही भिंतीवरची चित्रे आणि कापडावरची नक्षी याच रीतीने उतरवत. सोळाव्या शतकात तिथे भरतकामाच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघाली, आणि बायकांनी त्यांची पाने टोचटोचून अशी चाळण केली, की आज त्यांच्या फारच थोड्या प्रती उरल्या आहेत. पुस्तकाचा याहून चांगला उपयोग कोणता, असे एक लेखिका म्हणून मला वाटते!

महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत आज आरी वर्कचे वर्ग चालतात. तिथे हीच पद्धत शिकवतात. गडद कापडासाठी पांढरी झिंकची पूड रॉकेलमध्ये कालवायची, फिक्या कापडासाठी नीळ. रॉकेल उडून जाते, पूड राहते. काम संपल्यावर ती झटकून, मऊ ब्रशने किंवा कापडाने पुसून काढायची. वास येतो, आग जपावी लागते, आणि शिधापत्रिकेवरचे रॉकेल बहुतेक घरांतून गेल्यामुळे ते मिळवणेही सोपे राहिलेले नाही. तरी ही पद्धत टिकून आहे, कारण तिला पाण्याची गरज नाही. रेशीम, जर, मणी, टिकल्या यांनी भरलेले ब्लाउज कोणी बादलीत बुडवत नाही. तिथे पाण्याने जाणारे अप्रतिम पेनही निरुपयोगी, कारण ते पाणी येणारच नसते. कागदाच्या मागे टोचल्याने आलेले बारीक उंचवटे पॉलिश पेपरने अलगद घासून घेतले तर पूड सारखी उतरते. आणि हा कागद पुन्हा पुन्हा वापरता येतो. डाव्या बाहीची कोयरी उजव्या बाहीवर तशीच हवी असेल तर कागद फक्त उलटा करायचा.

आता नव्या पेनांकडे वळू. हल्ली ती जिल्ह्याच्या गावीही मिळतात आणि घरबसल्या मागवताही येतात. सगळ्यांवर ‘आपोआप जाणारे’ अशा अर्थाचे काहीतरी लिहिलेले असते. पण यांच्या जाती तीन आहेत आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा.

पहिले पाण्याने जाणारे, बहुधा निळे. हे चिकनच्या निळीचे आधुनिक भावंड म्हणा. सुती कापडावर, धुता येणाऱ्या कामासाठी याच्यासारखे सोयीचे दुसरे नाही. रेघ अनेक दिवस टिकते. पथ्ये दोन. रेघ जाण्याआधी तिच्यावर इस्त्री फिरवायची नाही, कारण उष्णतेने ती तपकिरी होऊन कायमची बसू शकते. आणि पहिले पाणी साधे, थंड आणि भरपूर हवे. ओल्या बोटाने टिपून रेघ दिसेनाशी होते, पण ती कापडात खाली उतरलेली असते, वाळल्यावर पुन्हा कडेने उमटते. म्हणून कापड पूर्ण बुडवावे, साबण त्यानंतर. लखनौचा क्रम हाच: आधी पाणी, मग इस्त्री.

दुसरे हवेने जाणारे, बहुधा जांभळे. शाळेच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिनचा रंग आम्ल घातल्यावर उडताना आपण पाहिलेला असतो. या शाईतली द्रव्ये त्याच प्रकारची. शाई क्षारधर्मी असते तोवर रंग दिसतो. हवेतला कार्बन डाय ऑक्साइड आणि दमटपणा तिला भेटला की रंग जातो. काही तासांत, फार तर दिवसा-दोन दिवसांत. दमट हवेत त्याहून लवकर. रत्नागिरीच्या पावसाळ्यात सकाळी काढलेला मोर जेवणे आटपेपर्यंत उडून जाऊ शकतो! एका बैठकीत संपणारे काम असेल, झबल्याच्या गळ्याभोवतीच्या चार कळ्या असतील, तर हे पेन छान. महिनाभर चालणाऱ्या टेबलक्लॉथसाठी ते घेणे म्हणजे तीन महिन्यांच्या ठेवीवर तीस वर्षांचे गृहकर्ज देण्यासारखे. आणि रंग गेला म्हणजे द्रव्य गेले असे नाही. साबण क्षारधर्मी असतो. तो लागला की गेलेली छटा पुन्हा दिसू शकते. म्हणून इथेही आधी साधे पाणी.

तिसरे उष्णतेने जाणारे. पायलट या जपानी कंपनीने २००६ साली फ्रिक्शन नावाचे पेन युरोपात आणले ते कागदावर लिहिण्यासाठी. मागच्या टोकाने घासले की घर्षणाच्या उष्णतेने अक्षर जाई. शिवणकाम-भरतकाम करणाऱ्यांनी लगेच ओळखले, की घासण्याऐवजी इस्त्री फिरवली तर रेघ क्षणात गडप होते. रेघ बारीक, ठळक, न पसरणारी आणि घालवायला सोपी. कोणालाही वाटावे, शोध संपला. पण इथे ‘गेली’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. साठ अंश सेल्सियसच्या पुढे या शाईचा रंग लोपतो, पण शाई कापडातच राहते. कडाक्याच्या थंडीत, उणे दहा अंशांच्या सुमाराला रंग परतू लागतो. लोणावळ्यात किंवा महाबळेश्वरात ही भीती नाही. पण समजा, टोरांटोत किंवा शिकागोत राहणाऱ्या लेकीसाठी तुम्ही हौसेने बाळाचे दुपटे भरलेत, आणि जानेवारीत ते पार्सल तिच्या दाराबाहेर तासभर बर्फात पडून राहिले. उघडल्यावर तिला आईचे टाके तर दिसतीलच, त्यांच्याखालची आईची सगळी गणितेही दिसतील. गडद कापडावर तर रंग गेल्यावरही फिकट पांढुरकी रेघ मागे राहू शकते.

उलट बाजूही आहे. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत काम राहिले, तर भरण्याआधीच नक्षी पुसट होऊ शकते. तेव्हा हे पेन वापरायचे तर रेघ टाक्याखाली झाकली जाईल अशीच काढावी आणि काम संपल्यावर इस्त्रीवर विसंबून न राहता कापड धुवावे. बँकेच्या माणसाची एक आगाऊ सूचनाही इथेच देऊन टाकते. हे पेन आणि हवेने जाणारे पेन शिवणाच्या डब्यातच ठेवा, चेकबुकाशेजारी नको. नाहीशा होणाऱ्या शाईने धनादेश भरून घेऊन, मग नाव आणि रक्कम बदलून फसवल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. कापडावर जो गुण, तो धनादेशावर घात.

नव्याच्या या गर्दीत जुनी, बिनखर्चाची साधने विसरू नयेत. शिंप्याचा खडू मोठ्या आकारांना, सरळ रेघांना, कोपरे ठरवायला उत्तम. बारीक पाकळ्या त्याने येत नाहीत. मेणाचा खडू रेशमावर मात्र नको, इस्त्रीखाली तेलकट डाग पडतो. गडद सुती कापडावर झिजलेल्या साबणाची वाळलेली चिपटी खडूसारखी चालते. कड पातळ असते, रेघ पांढरी उठते, आणि जाण्याबद्दल शंकाच नको, कारण साबणाचा जन्मच त्यासाठी! कापड पातळ असेल तर नक्षीचा कागद खिडकीच्या काचेला चिकटवून वर कापड धरावे; दिवसाचा उजेड फुकटात सारे दाखवतो. जाड, लोकरी, कशाचीच रेघ न घेणारे कापड असेल, तर पातळ कागदावर नक्षी काढून तो कापडावर टाचावा, रेघेवरून बारीक धावदोरा घालावा आणि कागद फाडून काढावा. उरतो फक्त दोरा. तो भरताखाली झाकतो किंवा शेवटी ओढून काढता येतो.

रेघच नको, असे म्हणणारेही आहेत. धारवाड भागातली कशिदाकारी, जिला ‘कसुती’ म्हणतात, ती इरकलीच्या पदरावर धागे मोजून करतात. गोपुरे, रथ, हत्ती, तुळशीवृंदावने सगळी मोजणीवर उभी राहतात. सोलापूर-कोल्हापूरकडच्या घरांत इरकली नेसणाऱ्यांनी हे पदर पाहिलेले असतात. पंजाबची फुलकारीही खादीच्या उलट बाजूने धागे मोजून भरतात. तिथे नक्षी डोक्यात असते आणि कापडाची वीण हाच आलेखाचा कागद. याच्या दुसऱ्या टोकाला हिमाचलातला चंब्याचा रुमाल. त्यावर कृष्णाची रासलीला, शिकारीचे प्रसंग पहाडी शैलीचे चित्रकार कोळशाने रेखून देत, आणि बायका ते दोन्ही बाजूंनी सारखे दिसेल असे भरत. जुन्या रुमालांवर रेशीम झिजून गेलेल्या जागी कुठे कुठे खालचे रेखाटन दिसते. तिथे रेघ डाग वाटत नाही, कारण ती काढणाऱ्याचा हात तयार होता. आपल्या रेघेबद्दल एवढा विश्वास असेल तर खुशाल न जाणारे साधन वापरावे. नसेल, तर निळीची वाट धरलेली बरी.

हे सगळे हौसेपुरते असते तर रविवारच्या पानावर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. १९९२ साली नाबार्डने स्वयंसहायता गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, आणि पुढच्या वर्षांत माझ्या टेबलावर बायकांच्या गटांचे कर्जाचे अर्ज येऊ लागले. शिवणकाम, भरतकाम, ब्लाउजवरचे काम. खर्चाच्या यादीत यंत्र असे, कापड असे, अँकरच्या लडी, फ्रेम, सुया, मणी, सारे असे. नक्षी कशाने उतरवणार आणि ती कशी घालवणार, याची ओळ कधीच नसे. आणि माल परत येई तो बहुधा त्याच ओळीपायी. एका गटाच्या बायकांनी भरलेल्या ओढण्या एका व्यापाऱ्याने घेतल्या, पण निळसर रेघा राहिल्या म्हणून मजुरीतून पैसे कापले. टाक्यांत खोट नव्हती. नक्षी छापून आली होती ती व्यापाऱ्याकडूनच, पण डाग सापडला त्यांच्या हातात. ज्या रेघेवर त्यांचा अधिकार नव्हता, तिची किंमत त्यांनी मोजली. त्या बायकांनी पुढे नियम केला: छापील कापड आले की आधी एक कोपरा धुऊन बघायचा, रेघ गेली नाही तर गठ्ठा परत. कोणत्याही बँकेच्या माहितीपत्रकात नसलेली ही सर्वांत उपयोगी अट.

तीच अट घरीही लावावी. ज्या कापडावर काम करायचे त्याचेच कात्रण घ्यावे. शिवताना चार बोटे कापड सहज उरते. हाताशी असतील त्या साऱ्या साधनांनी त्यावर एकेक रेघ काढावी. दोन-चार टाकेही घालावेत. काम जितके दिवस चालणार असेल, निदान तितके दिवस कात्रण तसेच राहू द्यावे, कारण ताजी रेघ जाते आणि महिन्याची जाता जात नाही, असे पुष्कळदा घडते. मग आपल्याच घरच्या पाण्याने, मग ते नळाचे असो की बोअरचे, ते धुवावे. वाळवून उजेडात धरावे. इस्त्री करावी आणि पुन्हा बघावे. उष्णतेने जाणारे पेन असेल तर कात्रण रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे. घरचा फ्रीझर साधारण उणे अठरा अंशांचा असतो; कॅनडाची थंडी तिथे फुकटात मिळते. या परीक्षेत जे साधन उतरेल ते तुमचे. शेजारणीच्या कापडावर ते नापास होईल, तर होऊ दे. तिचे कापड वेगळे, पाणी वेगळे, टाका वेगळा.

आणि पुढच्या खेपेला दुकानात गेलात, की काउंटरवर मांडलेल्या रंगीत पेनांकडे बघून आधी विचारा, “हे जाते कसे? पाण्याने, हवेने की इस्त्रीने?” दुकानदाराला नीट उत्तर देता आले तर उत्तमच. तो नुसताच “सगळ्यांनी जाते हो ताई” म्हणाला, तर एकच पेन घ्या आणि घरी येऊन पहिली रेघ कात्रणावर ओढा.